चिठ्ठी काढलेल्या मशिनी

डॉक्टरांनी बीपीच्या दोन मशिनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक दवाखान्याची, एक आमच्या दुकानातली. आधी दवाखान्याच्या मशीनचा पट्टा शोभावहिनींच्या डाव्या दंडाला बांधला. एकशे ब्याऐंशी. थोडं थांबून आमच्या मशीनचा बांधला. एकशे चोवीस.

"हिच्यावर बघून गोळी बंद केली?" डॉक्टरांनी विचारलं.

वहिनींचं तोंड एका बाजूला ओढलं होतं. उत्तर बबननं दिलं. बबन म्हणजे त्यांचा नवरा आणि धंद्यातला माझा पार्टनर. "हो साहेब. रोज पाहे ते. वहीत लिहे. म्हने, नार्मल येऊन राह्यलं तं गोळी कायले खाची?"

"अर्धांगाचा झटका आहे. वेळेत आणलं म्हणून निभावलं. उजवा हात किती परत येतो ते हळूहळू कळेल."

बाहेर आल्यावर बबननं मला भिंतीजवळ थांबवलं. "डब्ब्यावर काही लिवेल होतं का रे?"

"नाई," मी म्हणालो.

डब्यांवर लिहिलेलं होतं. ते मी माझ्या हातांनी काढलं होतं. या गोष्टीला आता तीन वर्षं होतील. इतके दिवस मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत घरातही सांगितली नाही. आज लिहितो.

आधी धंदा काय होता ते सांगतो. लोक ऑनलाइन वस्तू मागवतात आणि त्यातल्या बऱ्याच परत करतात. रंग आवडला नाही, दोनदा ऑर्डर झाली, चालत नाही, काहीही कारण असतं. परत आलेला प्रत्येक डबा उघडून बघणं कंपन्यांना परवडत नाही. मग त्या माल एकत्र करून वेबसाइटवर त्याचा लिलाव करतात. त्या ढिगाला म्हणायचं लॉट. न खपलेला कोरा मालही असाच निघतो. लॉटसोबत एक यादी येते, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. त्यात ‘अनटेस्टेड’ असं लिहिलं असेल, तर माल कोणीही तपासलेला नाही, तुमचं नशीब तुमच्याजवळ. आणि परत आलेल्या प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. ग्राहकानं वस्तू का परत केली, ते तिच्यावर छापलेलं असतं.

या चिठ्ठ्यांवर फार विश्वास ठेवायचा नाही, हे धंद्यात पहिल्या महिन्यातच कळतं. ‘चालत नाही’ म्हणून आलेल्या मिक्सरांपैकी निम्मे चांगले असतात. घेणाऱ्यानं भांडं नीट फिरवून बसवलेलं नसतं, एवढंच. हे खरं आहे. आणि पुढे मी जे केलं, ते याच खऱ्या गोष्टीचा आधार घेऊन केलं.

मी आधी रिसोडला पार्सलच्या ऑफिसात होतो. बबन मोटार वाइंडिंग करायचा. परत जाणारी पार्सलं पाहून कल्पना माझ्या डोक्यात आली, दुरुस्तीचा हात बबनचा. पहिला लॉट आला तो सव्वीस मिक्सरांचा. उतरवला बबनच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये.

मी एकेक मिक्सर लावून बटण दाबत होतो. घर्र आवाज आला की बाजूला ठेवत होतो. शोभावहिनी दारात उभ्या राहून पाहत होत्या.

"हे काय टेस्टिंग झालं भाऊ?"

"चालते ना वहिनी."

"रिकामं तं कोनीबी पळते. भरून पाहा."

त्यांनी शेंगदाणे भाजले, लसूण सोलला, लाल मिरच्या घेतल्या. सव्वीस मिक्सरांत सव्वीस वेळा चटणी वाटली. तीन मिक्सर मधेच बसले, ते बबननं उघडले. चटणी सगळ्या गल्लीत वाटली. पुढे प्रत्येक लॉटला हेच. बाया भांडं घेऊनच यायच्या, "शोभे, लॉट आला काय वं?" एकदा वाशिमहून गिऱ्हाइकाचा फोन आला की नव्या मिक्सरला लसणाचा वास येतो. वहिनींनी फोन माझ्या हातातून घेतला. "मंग? चालते म्हनून वास येते. बिनवासाचा पायजे असन तं बंद पडेल दोन हायेत, ते धाडतो."

संध्याकाळी त्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या. एका टेबलफॅनवर होतं, ‘फोटोत मोठा दिसत होता.’ वहिनी बबनकडे पाहून म्हणाल्या, "मी बी हेच लिवलं असतं, पन चिठ्ठी लावाची सोय नोयती." बबन डोक्यावरून रुमाल घेऊन हसत सुटला. एका केटलीत कोणाचा तरी चहा तसाच वाळलेला निघाला. एका डब्यात वीटच निघाली, छान कागदात गुंडाळलेली. ती वीट वहिनींनी तुळशीजवळ लावली. म्हणाल्या, लॉटमधली हे एकच वस्तू टेस्टिंगबिगर चालली.

ते दिवस मला फार आठवतात. माल कमी होता आणि आम्ही तिघं प्रत्येक डब्याजवळ बसत होतो.

मग धंदा वाढला. वाशिम रोडला हॉल घेतला. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर ऑर्डरी यायला लागल्या, धनजपासून मेडशीपर्यंतच्या गावांतून. दीडशे वस्तूंचा लॉट एकेक करून तपासायचा तर आठवडा जातो. मी ठरवलं, चारातली एक वस्तू तपासायची. वहिनी म्हणाल्या, "चारातली एक मी घेतली अन् बाकीच्या तीन शेजारनीईनं घेतल्या, तं त्याईले तोंड काय दाखवू?" मी हसण्यावारी नेलं.

चिठ्ठ्यांचाही त्रास व्हायला लागला. गिऱ्हाईक चिठ्ठी वाचून भाव पाडायचं. मग मी त्या काढायला लागलो. नुसती ओढली तर फाटते, डबा खराब दिसतो. लॉटमधल्याच एका हेअर ड्रायरनं डिंक गरम केला की अख्खी निघून येते. त्या ड्रायरवरची चिठ्ठी होती, ‘जास्त गरम होतो’. मला तसाच पाहिजे होता.

बीपीच्या मशिनी एका मिश्र लॉटमध्ये आल्या. चौदा. सात डब्यांवरच्या चिठ्ठ्या साध्या होत्या, आवडली नाही वगैरे. उरलेल्या सात डब्यांवर जवळजवळ एकच वाक्य होतं. ‘रीडिंग कमी येते.’ ‘डॉक्टरच्या मशीनपेक्षा कमी दाखवते.’ सात वेगळ्या गावांचे सात लोक एकच तक्रार करत होते. असं असलं की दोष मालातच असतो, हे कळायला हुशारी लागत नाही. मलाही कळलं. मी स्वतःला सांगितलं, लोकांना पट्टा बांधता येत नाही. ड्रायर लावला, चौदाही डबे स्वच्छ केले आणि एका ओळीत रचले. त्यानंतर त्यातल्या सात कोणत्या, हे मलाही सांगता आलं नसतं.

वहिनी आल्या. "हे कशानं टेस्ट केलं?"

"सेल टाकले, नंबर येते."

"नंबर तं लॉटरीचा बी येते." पण त्यांनी त्यातलीच एक उचलली. डॉक्टरांनी त्यांना बीपीवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. "आपल्या दुकानातलीच नेतो मी. बाहीरच्यापेक्षा बरी."

मी पिशवी आणून दिली.

दवाखान्यात बबनला ‘नाई’ म्हटल्यावर मी दुकानात आलो. चार मशिनी फळीवरच होत्या. नऊ विकल्या गेल्या होत्या. ग्रुपवर एक मेसेज टाकला असता तर नऊही घरांना कळलं असतं. पण ग्रुपवर बबनही होता. म्हणून मी मेडिकलच्या होलसेलमधून नऊ नव्या मशिनी घेतल्या, गाडीला बांधल्या आणि घरोघरी निघालो. सांगायचं काय, तर कंपनीची स्कीम आहे, जुनी द्या, नवी घ्या. दोन दिवसांत सात मशिनी परत आल्या. एका घरी चहा झाला. घरधनी म्हणाला, "तुमच्यासारखा इमानदार दुकानदार पाह्यला नाई बॉ." तो चहा मी उभ्यानं संपवला.

आठवी मेडशीला होती, अनुसयाबाईंकडे. पासष्टीच्या असतील. अंगणात तूर पाखडत होत्या.

"नाई देत," त्या म्हणाल्या.

"बाई, नवी भेटते. फुकट."

"फुकटाची मले नाई पायजे. दवाखान्यातली मशीन भलतंच सांगते. हे बरोबर सांगते. हे आनल्यापासून माहा बीपी उतरला."

"गोळी घेता ना?"

"अर्धी घेतो. आता नार्मल हाय तं अख्खी काहून?"

मी गाडीला बांधलेली नवी मशीन सोडली. "बाई, ते मशीन खोटं सांगते."

"तुमाले कसं मालूम?"

मी ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी होती. मी वाचली. मी काढली. माझ्या पार्टनरची बायको वाशिमच्या दवाखान्यात पडून आहे.

अनुसयाबाईंनी सूप खाली ठेवलं. आतून मशीन आणली, माझ्या हातात दिली आणि दंड पुढे केला. "लावा तुमची नवी."

एकशे शहात्तर. त्यांनी आकडा दोनदा वाचायला लावला. मी त्यांच्या मुलाला हाक मारली आणि आजच्या आज दवाखान्यात न्यायला सांगितलं.

"पार्टनरले सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"मले सांगतलं अन् त्याले नाई? मी तं तुमाले वळखत बी नाई."

"म्हनून तं सांगता आलं."

"मंग आता सोपं हाय. एकडाव बोलून झालं तुमचं."

सोपं नव्हतं. पण मी वाशिमला गेलो. बबन पलंगाजवळ स्टुलावर बसून वहिनींना मऊ भात भरवत होता. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. तो चमचा वाटीत ठेवेपर्यंत मी संपवलंही होतं.

"मी तुले विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"इथंच. त्या भिंतीजोळ."

"भेलो मी बबन."

त्यानं वाटी ठेवली आणि बाहेर निघून गेला. मी त्याच्या मागे जाणार, तेवढ्यात वहिनींनी डाव्या हातानं थांब म्हणून खूण केली. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता.

"किती... आनाच्या राह्यल्या?"

"एक. धनजची."

"मंग... इथं काहून उभे?"

दुपारपर्यंत मी धनजला पोचलो. तिथल्या म्हाताऱ्यानं डबा कपाटातून काढून दिला. मी लावलेली चिकटपट्टीही तशीच होती. मुलानं मागवली, मला ती लावता येत नाही, असं म्हणाला. अडाणीपणाचं इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. त्याच संध्याकाळी ग्रुपवर मी खरं काय ते लिहिलं, सगळ्यांनी डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणून. तीस-चाळीस लोक ग्रुप सोडून गेले.

पुढे चौदाही मशिनी डॉक्टरांच्या मशीनशी लावून पाहिल्या. सात नाही, नऊ खोट्या निघाल्या. म्हणजे निदान दोन तर साध्या चिठ्ठीच्या होत्या. बबननं चौदाही फोडल्या, आपली अवजारं पेटीत भरली आणि गेला. आता तो परत मोटार वाइंडिंग करतो. रस्त्यात भेटला तर थांबतो, पाण्यापावसाचं बोलतो. वहिनी बोलतात, पहिल्यासारखं नाही, पण बोलतात. त्यांना उजव्या हातानं लिहिता येतं. मिक्सरचं भरलेलं भांडं उचलता येत नाही.

दुकान मी चालवतो, लहान केलंय. बीपी, शुगर, असलं काही ठेवत नाही. तालुक्यात आता हा धंदा करणारे बरेच झाले. नवीन कोणी सल्ला विचारायला आलं की मी सांगतो, लॉट घ्या, पण परतीची चिठ्ठी वाचत जा. ते मान डोलावतात. माझं नुकसान चिठ्ठी न वाचल्यामुळे झालं, असं त्यांना वाटतं. मी सातही वाचल्या होत्या.