बाबा उठले की सिनेमा संपायचा

कुणी नट किंवा नटी गेल्याची बातमी आमच्या घरी पेपरात नंतर येते, आईचा फोन आधी येतो. "गेली गं ती," एवढंच म्हणते. कोण गेली हे मी ओळखायचं. ओळखता आलं नाही तर ती मला चौथीतल्या मुलीसारखी झापते. आई शिक्षिका होती. निवृत्त होऊन जमाना झाला, पण तिच्या लेखी आम्ही सगळे अजून तिच्याच वर्गात बसलोय.

मग आम्ही दोघी फोनवर आठवायला बसतो. सिनेमाचं नाव आई कधीच घेत नाही. "तो दीपगृहाचा," "तो चष्म्याच्या दुकानाचा," "तो नाही का, ज्यात तो घोंगडी पांघरून तार पोचवायला जातो," असं तिचं चालतं. मागच्या वर्षी तर रांगच लागली. आधी तो खलनायक गेला, ज्याच्या नुसत्या खोकल्यानं मी आईच्या पदरात तोंड लपवायची. मग तो गुबगुबीत विनोदी नट गेला, ज्याच्या पडण्यावर बाबासुद्धा हसायचे. बाबा हसतात, ही गोष्ट त्या काळी आम्हाला सिनेमापेक्षा मोठी वाटायची. आम्ही एकेक प्रसंग, एकेक साडी, एकेक संवाद आठवायचो आणि फोन गरम होईपर्यंत बोलायचो. फक्त शेवट सांगायची वेळ आली की दोघी गप्प.

कारण शेवट आम्ही पाहिलेलेच नाहीत. एकाही सिनेमाचा नाही!

हे बाबांमुळे. आमच्याकडे स्कूटर होती. बरीच वर्षं नंबर लावून मिळालेली, म्हणून घरात तिचा मान जावयासारखा. थिएटरच्या आवारात स्कूटरी अशा ठासून लावलेल्या असत की जो आधी निघेल तो सुटायचा, बाकीचे एकमेकांच्या हँडलात अडकून भांडत बसायचे. त्यामुळे पडद्यावर शेवटची धावपळ सुरू झाली की बाबा उठायचे. "चला. पुढे काय होणार ते माहीत आहे." आणि ते एकटे नसत हं. अंधारात रांगाच्या रांगा उठायच्या, सगळे कर्ते पुरुष, मागोमाग बायका, बायकांच्या कडेवर झोपलेली पोरं. अख्खं पुणं तेव्हा सिनेमाचा शेवट स्कूटर स्टँडवर बघायचं.

बाकीच्या सिनेमांचं आईला काही वाटलं नाही. पण एका सिनेमाचं वाटलं. तो पेटीचा सिनेमा.

मी तेव्हा स्कूटरवर पुढे उभी राहण्याच्या वयाची होते. आईला लोणी काळभोरच्या शाळेत नोकरी लागत होती. होकार कळवायला थोडेच दिवस उरले होते आणि घरात सगळे गप्प होते. आमच्या घरात गप्प म्हणजे नाही. लहान मूल टाकून बाई रोज लोणीला जाणार कशी, हे कुणी तोंडानं म्हणत नव्हतं, नुसती भांडी जोरात ठेवली जात होती. त्याच रविवारी बाबा आम्हाला सिनेमाला घेऊन गेले. त्यातल्या नायिकेलाही नोकरी लागलेली, तिच्याही घरात भांडी वाजत होती. शेवटाकडे ती पेटी उचलते, दार उघडते, उंबरठ्याबाहेर पाय टाकते, आणि बाबा म्हणाले, "चला."

मला त्या दिवसातलं एवढंच आठवतं की स्कूटर पुलावर आली तेव्हा आई मागून ओरडली, "मी लोणीला जाणार!" इंजिनाच्या आवाजात बाबांना ऐकू गेलं नाही. ती परत ओरडली. बाबांनी मान हलवली. आणि आई गेली. हडपसरला बस बदलून, पावसापाण्यात, मला ताप असला तरी, केस पांढरे होईपर्यंत जात राहिली. लोणीत आज आजोबा झालेले तिचे विद्यार्थी तिला रस्त्यात बघून पटकन तंबाखू थुंकून टाकतात.

त्या सिनेमाचा शेवट मला लहानपणी आईनं सांगितला होता. ती बाई आगगाडीत बसते, नवरा धावत फलाटावर येतो, तिचा विसरलेला डबा खिडकीतून आत देतो आणि गाडी सुटेपर्यंत हात धरून उभा राहतो. मी हे कितीतरी जणींना सांगितलं. कॉलेजात गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की अगं, आपण तर उठून आलो होतो! आईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "मग काय झालं? असाच असणार."

पण असाच आहे की नाही, हे तिला आतून कुरतडत होतं. तो सिनेमा फार चालला नव्हता. टीव्हीवर कधी लागला नाही, त्याची कॅसेट कधी दिसली नाही. आणि मागच्या वर्षी, त्या दोघांच्या पाठोपाठ, ती नायिकाच गेली.

"गेली गं ती," आई म्हणाली, आणि या वेळी मी लगेच ओळखलं. पेपरात तिच्या गाजलेल्या चित्रपटांची यादी होती. पेटीचा सिनेमा त्यात नव्हता. आई अशी भडकली की विचारू नका. "यादी करणाऱ्याला अंगठे धरून उभा करायला हवा," म्हणाली. आणि मग आवाज खाली आणून, "आता मला तो शेवट बघायचाय. ती खरंच गेली का, ते मला कळायला हवं. माझं तरी आता किती राहिलंय?"

माझा मुलगा खराडीला कंप्युटरच्या कंपनीत आहे. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन. "आई, मिळाला! कोणीतरी अपलोड केलाय. प्रिंट बेकार आहे, पण फुल मूव्ही आहे. एंड चेक करू का?"

"हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

आईला मोबाईलवर बघायचा नव्हता. "अर्धा पडद्यावर पाहिलाय, उरलेला काय तळहातावर बघू?" आई-बाबा कोथरूडला ज्या सोसायटीत राहतात तिथे कुणी कलावंत गेला की रविवारी हॉलमध्ये त्याचा गाजलेला चित्रपट दाखवायची पद्धत आहे. सेक्रेटरींनी त्या नटीचा एक रडका, आईच्या भूमिकेतला सिनेमा ठरवला होता. आई जिना उतरून त्यांच्या दारात गेली. "बाई जन्मभर रडली, आता तरी तिला पेटी उचलू द्या." सेक्रेटरी तिला घाबरतात. सगळेच घाबरतात. संध्याकाळी बोर्डावर सूचना लागली, "कार्यक्रम चार वाजता सुरू होईल. सात वाजता हॉल वाढदिवसासाठी दिला आहे. उशिरा येणाऱ्यांनी कारणे सांगू नयेत."

रविवारी हॉल भरला. आणि गंमत ऐका. निम्म्या म्हाताऱ्यांनी तो सिनेमा तेव्हा पाहिलेला होता, पण शेवट कुणालाच माहीत नव्हता! एक आजोबा छातीठोकपणे म्हणाले की ती नदीत जीव देते. त्यांची बायको म्हणाली, "काहीतरीच काय, तुम्ही तेव्हा किल्ली शोधत होतात." दुसऱ्या आजींच्या मते ती विलायतेला जाते. मला हसू आवरेना. इतके सगळे डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले साहेब, आणि सगळे एकाच जागी उठलेले!

पण आधी श्रद्धांजली. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि बसेचनात. आपण एकदा त्या बाईंना नाटकाच्या मध्यंतरात चहा पिताना कसं पाहिलं, तेव्हा आपण काय घातलं होतं, आपल्याला लोक कोण समजले. माझी नजर सारखी घड्याळावर. हे असंच चालू राहिलं तर सात वाजतील आणि आई पुन्हा एकदा उंबरठ्यावरच अडकेल! एवढ्यात पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, पट्टी आपटावी तसा. "अहो, बाई गेल्यात. तुम्ही नाही. सिनेमा लावा."

अध्यक्ष बसले. सिनेमा लागला.

प्रिंट खरंच बेकार होती, चेहऱ्यांवरून पांढऱ्या रेघा पळत होत्या, पण ती बाई पडद्यावर आली आणि हॉलमध्ये सुस्कारा उठला. काय दिसायची! साधी सुती साडी, एक वेणी, आणि बोलायच्या आधी हनुवटी किंचित वर. आई तिच्याबरोबर ओठ हलवत होती. एकदाच पाहिलेल्या सिनेमातले संवाद तिला पाठ होते.

सातला थोडाच वेळ उरला असताना दारं उघडली आणि वाढदिवसवाले फुगे घेऊन आत शिरले. पडद्यावर भांडी वाजायला लागली होती. मी उडी मारून दारात गेले, हात जोडले, "पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं, माझ्या आईनं अख्खा जन्म वाट बघितलीय." वाढदिवसाच्या मुलीची आई चांगली होती. तिनं आईकडे बघितलं, फुगे खाली ठेवले आणि मागे उभी राहिली. पाहुणेही उभे राहिले.

नायिकेनं पेटी उचलली. दार उघडलं. पाय बाहेर टाकला. मी आईचा हात धरला. तिच्या पलीकडे बाबा ताठ बसले होते.

ती स्टेशनवर आली. गाडीत बसली! आईनं माझी बोटं करकचून दाबली. शिट्टी झाली, गाडी हलली. नवरा कुठेच नव्हता, डबा नव्हता. नायिकेनं खिडकीतून एका बाईच्या कडेवरचं मूल पाहिलं, संगीत भरून आलं, आणि ती चालत्या गाडीतून पेटीसकट खाली उतरली. घरी परत आली. सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. तुळशीपुढे दिवा. समाप्त.

दिवे लागले. सगळा हॉल आईकडे बघत होता, कारण तिची गोष्ट एव्हाना सगळ्यांना माहीत झाली होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं. इतकी वर्षं ती ज्या बाईच्या मागून गेली, ती बाई गेलीच नव्हती!

आई उभी राहिली. "वेडी आहे का ही?" ती पडद्याला म्हणाली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खुर्चीची पाठ धरून हसत होती, आणि बघता बघता सगळा हॉल हसायला लागला, फुगेवालेसुद्धा.

मग ती बाबांकडे वळली. "अहो," ती म्हणाली, "तेव्हा मला उठवलंत, देवासारखे धावलात. हे बघितलं असतं तर मीसुद्धा परत आले असते. नाही म्हणून कळवलं असतं आणि गप्प बसले असते."

बाबांना आता कमी ऐकू येतं. पण हे त्यांना नीट ऐकू आलं होतं. ते काठी सावरत उभे राहिले, आईची शाल खुर्चीवरून उचलून तिच्या हातात दिली.

"कोण, तू?" ते म्हणाले. "तू नसतीस आलीस परत."