आनंदनगरीची वेस

"जोहार मायबाप," माझा बाप मला म्हणाला.

कमरेत वाकून म्हणाला. डोक्याला फाटकं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात घुंगराची काठी. मान खाली होती म्हणून त्याला आधी माझे पायच दिसले. पायातल्या चपला त्याच्या ओळखीच्या होत्या. त्यानंच घोडेगावच्या बाजारातून आणल्या होत्या. मग त्यानं मान वर केली.

मी पंधरा वर्षांची होते. शेजारी सुनंदा उभी होती. माझ्या वर्गातली, साखर कारखान्याच्या मोठ्या साहेबांची मुलगी. ती खुदकन हसली आणि म्हणाली, "अय्या, किती खरं वाटतंय ना."

हा माझा बाप आहे, हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. हे आधीच कबूल करते, कारण पुढचं ऐकून कुणाला मी जन्मापासूनच शूर होते असं वाटायला नको. पहिल्या दिवशी मी बापाला ओळख दिली नाही. त्याचा जोहार घेतला आणि आत गेले.

साल दुष्काळाचं. नेवाशाच्या बाजूची आमची गावं कोरडी ठणठणीत. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथं मजुरांना खायला सुकडी मिळायची, भाजल्या पिठाची, ती स्वतः न खाता पदरात बांधून आणायची. दादा, म्हणजे माझा बाप, कारखान्यात हंगामी कामगार. उसाचा हंगाम असेल तोवर काम, मग घरी. आठ हंगाम झाले तरी हंगामीच. त्याच्या मागून आलेली पाटला-देशमुखांची पोरं कायम होऊन कॉलनीत राहायला गेली होती.

नाताळात कॉलनीच्या क्लबचं दर वर्षी काहीतरी असायचं. त्या वर्षी थाटच निराळा. मैदानावर चक्क एक नगरी उभी केली. 'आनंदनगरी'. पाच दिवस, तिकीट लावून. एका कोपऱ्यात चंद्रावर जायचं यान, वर्कशॉपमधल्या पत्र्याचं. पोरं एका दारानं आत शिरायची आणि दुसऱ्या दारानं चंद्रावरून परत यायची. दुसरीकडं परीराज्य, कापडी पडदे लावून. मधोमध कारंजं. गावात हंड्यांच्या रांगा आणि इथं पाणी हवेत उडत होतं. वर्कशॉपमधले याकोबकाका फिटर नाताळबाबा झाले होते. कापसाची दाढी लावून लिमलेटच्या गोळ्या वाटायचे.

पण सगळ्यांत जास्त गर्दी होती ती 'आपलं खेडं' बघायला. ही कल्पना सुनंदाच्या आईची. त्यांना सगळे बाईसाहेब म्हणायचे. बाईसाहेब शहरात वाढलेल्या, त्यामुळे खेडं त्यांना फार आवडायचं. अगदी खरं वाटलं पाहिजे, हा त्यांचा हेका. कुठल्याशा गावची जुनी वेस पाडली होती, तिची सागवानी दारं खिळ्यांसकट, आतून लावायच्या आडव्या लाकडी आडण्यासकट आणून बसवली. भोवती तट्ट्यांचं कुंपण, आत चावडी, कुंभाराचं चाक, लोहाराचा भाता. मधे कमरेएवढ्या कठड्याची विहीर, टँकरनं काठोकाठ भरलेली. पाटील झाला होता कारखान्याचा केमिस्ट. कुंभार झाला होता ऑफिसातला कारकून. सगळे हौसेनं नटलेले. नुसत्या येसकराच्या जागी नटलेला माणूस त्यांना चालला नाही. तिथं खराच पाहिजे होता. लेबर ऑफिसरनं हजेरीपटावरच्या आडनावांवरून बोट फिरवलं आणि दादाला बोलावलं.

येसकर म्हणजे वेशीवरचा महार. गावाची वेस राखायची, आल्यागेल्याला वाकून जोहार घालायचा. छपन्न साली माझ्या आज्यानं बुद्धाची दीक्षा घेतली आणि आपली येसकराची काठी प्रवरेच्या धारेत सोडली. त्या दिवसापासून आमच्या घरात जय भीम. जोहार हा शब्द आमच्याकडं शिवीसारखा. मी तो आयुष्यात पहिल्यांदा कानानं ऐकला तो त्या आनंदनगरीत, आणि तोही बापाच्या तोंडून.

सुनंदानं मला विहिरीपाशी नेलं. तिथं बाईसाहेब पाहुण्यांना समजावून सांगत होत्या की पूर्वी येसकराला विहिरीला शिवता येत नसे. मग त्यांनी दादाला हाक मारली. "येसकर, पाणी माग."

दादानं मागितलं. बाईसाहेबांनी तांब्या उंच धरला आणि वरून धार सोडली. दादा ओंजळ तोंडाला लावून खाली बसला होता. थोडं पाणी तोंडात गेलं, बरंचसं कोपरावरून मातीत. फोटोग्राफर म्हणाला, पुन्हा एकदा. बाईसाहेबांनी पुन्हा ओतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि दादा पीत होता. सकाळपासून उन्हात उभा होता, त्याला खरोखरची तहान लागली होती. त्यांचं नाटक चाललं होतं आणि माझा बाप खरं पाणी पीत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सुनंदाला पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि फाटकाबाहेर जाऊन थांबले.

संध्याकाळी खेळ आवरला. याकोबकाकांनी दाढी काढून खिशात घातली. कुंभारानं हात धुतले आणि तो पुन्हा कारकून झाला. दादानंही मुंडासं सोडलं, घोंगडी घडी करून ठेवली आणि आपला सदरा घातला. फाटकावर वॉचमन उभा होता. आठ वर्षं तो दादाला नावानं हाक मारायचा. त्या दिवशी म्हणाला, "काय येसकर, निघाला का?" दादानं मान खाली घालून फाटक ओलांडलं. मी त्याच्या मागं चार पावलं अंतर ठेवून घरापर्यंत चालत आले.

बातमी आमच्याआधी घरी पोचली होती. आईनं भाकरी वाढली, पाणी ठेवलं नाही. दादानं पाणी मागितलं तसा तिनं तांब्या उचलला आणि विचारलं, "वरून वतू का?"

दादाचा घास हातातच राहिला. मग हळूहळू त्यानं सांगितलं. मोठ्या साहेबांनी शब्द दिला होता. पाच दिवस उभा राहा, हंगाम सरायच्या आत कायम करतो. पाच दिवसांचं सोंग, आणि मग जन्माची भाकरी. नाहीतर पोरीची शाळा कशावर करायची, असं तो आईला विचारत होता, पण बघत माझ्याकडं होता. आईनं तांब्या त्याच्यापुढं ठेवला. मला मात्र त्या रागातही कळलं की हे सगळं माझ्या नावावर चाललंय, आणि मग राग आणखी वाढला.

माझं तोंड बघून दादानं वातावरण हलकं करायला गंमत सांगितली. त्याच्या बापाकडून ऐकलेली.

"येसकर म्हंजी सादा मानूस न्हवं, बाय. दिवस मावळला का त्यो वेस लावायचा. मंग पाटील का असंना, वेस लागली म्हंजी भायेर."

तो हसला. त्याला वाटलं मला बरं वाटेल. मी हसले नाही. ते वाक्य मी नीट ठेवून दिलं.

पुढचे तीन दिवस मी आनंदनगरीकडं फिरकले नाही. शेवटच्या दिवशी नगरहून कुणी बडे साहेब येणार म्हणून गाजावाजा चालला होता. दुपार कलल्यावर मी गेले. वॉचमनला सांगितलं, येसकराची पोरगी हाय, भाकरी आणलीय. त्यानं तिकीट मागितलं नाही. पाहुणे तोवर चंद्रावर होते, पाटील-कुंभारही त्यांच्या मागं गेले होते. मी दादाला म्हणाले, जरा मागं जाऊन बस, भाकरी खा, तोवर मी उभी राहते. चार दिवसांनी लेक आपल्याशी नीट बोलली याचा त्याला एवढा आनंद झाला की त्यानं काही विचारलं नाही. काठी आणि घोंगडी माझ्या हातात दिली.

सूर्य कारखान्याच्या धुराड्यामागं गेला. बडे साहेब, बाईसाहेब, सुनंदा, मागं वीस-पंचवीस माणसं आणि गोळ्यांची पिशवी घेतलेले याकोबकाका, असे सगळे वेशीकडं येताना दिसले. मी दारं ओढली. जड होती, खरीच होती. आडणा उचलून खोबणीत सारला.

बाहेर आधी हशा झाला. बाईसाहेबांना वाटलं दादानंच काहीतरी केलंय. त्या पाहुण्यांना कौतुकानं सांगायला लागल्या की पूर्वी असंच असायचं, संध्याकाळी वेस बंद व्हायची. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या दाराच्या फटीशी आल्या.

"येसकर, चल, उघड आता."

"दिवस मावळला," मी म्हणाले. "वेस लागली."

पोरीचा आवाज ऐकून त्या दचकल्या. सुनंदानं फटीला डोळा लावला आणि विचारलं, तू इथं काय करतेयस. मी तिला सांगितलं, येसकर माझा बाप आहे. तू त्याचा जोहार घेतलास, मीही घेतला. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात ते बडे साहेब पुढं आले. त्यांना सगळा खेळच वाटत होता. हसत म्हणाले, आत यायचं तर काय करावं लागेल?

"जोहार घाला."

तो माणूस लगेच वाकला. "जोहार, येसकरीणबाई, जोहार." बाहेर हशा पिकला, पुन्हा टाळ्या.

चार दिवस मी त्या क्षणाची वाट बघत होते आणि तो आला तर पोकळ निघाला. माझा सूड त्यांनी कार्यक्रमात घेऊन टाकला. त्या माणसाला तो शब्द लागलाच नाही. तो वाकला होता, पण सरळ झाला की पुन्हा साहेब होणार होता. त्याला फाटकावर कुणी येसकर म्हणून हाक मारणार नव्हतं. मला वाटलं, नुसता शब्द देऊन हे सुटणार.

म्हणून मी फटीतून म्हणाले, "आता मुंडासं बांधा आणि ही काठी घ्या. मग खाली बसून ओंजळ धरा. बाईसाहेब तांब्यातनं वरून पाणी ओततील. फोटो काढू. दोनदा ओतू. अगदी खरं वाटलं पाहिजे."

टाळ्या थांबल्या. कुणी हसलं नाही. बड्या साहेबांचा चेहरा उतरला आणि ते बाईसाहेबांकडं बघायला लागले. बाईसाहेबांनी सगळ्यांच्या देखत, फटीला तोंड लावून विचारलं, "तुझ्या बापाला कायम व्हायचंय ना?"

माझा हात आडण्यावर होता. आठ हंगामांची वाट, आईची खडी, माझी शाळा, सगळं त्या एका लाकडावर येऊन बसलं होतं. मी मागं बघितलं. दादा भाकरी अर्धी टाकून येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो जवळ आला. तो म्हणाला असता, उघड, तर मी उघडलं असतं.

त्यानं माझ्या हातातली काठी घेतली. दुसऱ्या हातानं डोक्याचं मुंडासं उतरवलं आणि दोन्ही विहिरीच्या कठड्यावर ठेवली. मग वाकला. येसकरासारखा नाही, तहानलेला माणूस वाकतो तसा. दोन्ही हात विहिरीत कोपरापर्यंत घातले, तोंड धुतलं, आणि पोट भरेपर्यंत पाणी प्याला. बाहेरून फटीतून सगळे बघत होते. त्यानं तोंड पुसलं, काठी उचलली आणि मला म्हणाला, "चल."

आम्ही खेड्याला मागून लागून असलेल्या परीराज्याचा पडदा उचलून मागच्या बाजूनं बाहेर पडलो. आडणा तसाच ठेवून. आमच्या पाठीमागं ते दार वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी हजेरीपटावरून दादाचं नाव गेलं. तो आईबरोबर खडीवर जायला लागला. पंधरवड्यानं याकोबकाका घरी आले. त्यांचे आजोबा आणि माझे पणजोबा एकाच महारवाड्यातले, नंतर ते ख्रिस्ती झाले आणि आम्ही बौद्ध. खाली बघत ते म्हणाले की बाईसाहेबांचं मन मोठं आहे. पोरीला घेऊन एकदा यावं, हात जोडावेत, त्या विसरून जातील. मग पुढच्या हंगामाला घेतील कामावर. काकांचा मला राग आला नाही. त्यांचीही नोकरी होती आणि घरात चार पोरं होती.

दादा माझ्याकडं वळून म्हणाला, "तू सांग." एवढ्या मोठ्या गोष्टीत त्यानं मला पहिल्यांदाच विचारलं.

"बाई इसरतील," मी म्हणाले. "म्या न्हाई इसरायची. त्यांना सांगा, वेस अजून लागलेलीच हाय."

दादा कधीच कायम झाला नाही. माझी शाळा आईच्या खडीवर झाली, आणि झाली. आता लोक मला समजावतात. ती माणसं म्हातारी झाली असतील, सोडून दे, झालं गेलं गंगेला मिळालं. आमचं काही गंगेला मिळालेलं नाही. आज्यानं प्रवरेत सोडलेली काठीसुद्धा यांनी सोळा वर्षांनी पुन्हा आमच्या हातात आणून दिली होती. नदीत सोडून भागत नाही, एवढं मी शिकले.

म्हणून ही काठी मी सोडली नाही. दादानं त्या दिवशी हातात धरून आणली, ती माझ्या दारामागं उभी आहे, घुंगरांसकट. ज्याला ती पुन्हा आमच्यापैकी कुणाच्या हातात द्यावीशी वाटेल, त्यानं खुशाल यावं. आधी त्यालाच देईन. मुंडासं बांधायला लावीन, मातीत बसवीन, ओंजळ धरायला लावीन. पाणी मी ओतीन. वरून.