लतीफचाचांच्या ब्याऐंशी रकात

१९९५चा ऑगस्ट, दुसरा रविवार, सकाळचे आठ. आकडा ब्याऐंशी. हजर तिघं : पलंगावर लतीफचाचा, दारात हलिमाचाची आणि खुर्चीवर मी. चाचा आदल्या संध्याकाळीच इस्पितळातून नेरूळच्या घरी आले होते. साखरेच्या दुखण्यापायी डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती आणि मुक्काम एकेचाळीस दिवसांचा झाला होता. आमची घरं एकाच मजल्यावर, समोरासमोर. मला वाटलं, बोलावलंय ते इस्पितळाचं बिल तपासायला. चाचा म्हणाले, "बिल जावयानं भरलान. तू माझ्या सुन्नती मोज."

पहाटेच्या नमाजात चार रकात असतात. उभं राहणं, वाकणं, माथा टेकणं असा एक फेरा म्हणजे एक रकात. पहिल्या दोन सुन्नत, म्हणजे ऐच्छिक. नंतरच्या दोन फर्ज; त्या चुकवता येत नाहीत. इस्पितळात चाचांनी फर्ज एकही सोडली नव्हती, पडल्या पडल्या मानेच्या इशाऱ्यानं केली होती. सुन्नतींपुरतं मात्र बळ उरत नसे. रोजच्या दोन, दिवस एकेचाळीस. मी ब्याऐंशी म्हटलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "बरोबर. सगळ्या फेडून जायच्या हायत."

"कुठं जायचंय?" चाची दारातून म्हणाली. "आधी मोरीपर्यंत जाऊन दाखवा."

चाचांना जाऊन सात आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर या आकड्यापासूनच सुरुवात करावी लागते, कारण शेवटचे दीड महिने आमचं बोलणं बहुतेक त्याच्यावरच झालं आणि त्या बोलण्यात आम्ही जितके हसलो तितके आधीच्या सहा वर्षांत हसलो नसू.

चाचा सत्तावीस वर्षं बोटीवर होते, आधी खलाशी आणि मग सुकाणी. पहाटे चार ते आठ ही त्यांची पाळी. सोबत्याला थोडा वेळ चाक धरायला लावून ते फर्ज उरकत. सुन्नत राहून जाई. आठला पाळी सुटली की डेकवर येऊन त्या दोन रकात भरून काढत. आम्हा कोकणातल्या शाफई पंथाच्या लोकांत राहिलेली सुन्नत अशी नंतर करता येते. निवृत्त होऊन नेरूळला आल्यावर खरं तर ही गरजच संपली. पहाटे उठून सुन्नत, फर्ज सगळं वेळेवर होत होतं. पण आठ वाजले की पाय आपोआप गॅलरीकडे वळत. चटई अंथरायची, उभं राहायचं, हात उचलायचे... आणि मग आठवायचं, की आज राहिलेलं काहीच नाही. "समुद्र सुटला, पाळी काय सुटत नाय," चाची म्हणायची. चाचा थोडे ओशाळत. "आता उभा ऱ्हायलोच हाय तर ह्या वरच्या दोन," असं म्हणून नफल, म्हणजे जादाची नमाज, करून टाकत.

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कारकून आहे. ट्रक भरलेला किती, रिकामा किती, वजाबाकी करून पावती द्यायची. वीस किलोंचा फरक पडला तरी मला जेवण गोड लागत नाही. तरीही ब्याऐंशीचा हा हिशोब मला पटत नव्हता. दुखरा पाय घेऊन माणसानं खुर्चीवर बसून का होईना, एवढं का करावं? म्हणून मी मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारून आलो. ते म्हणाले, आजारपणात राहिल्या, त्यातून ऐच्छिक. नाही केल्या तर जाब नाही, केल्या तर उत्तम. मी मोठ्या आशेनं हे चाचांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"युसुफ, ज्याचा जाब द्यायचा हाय ते भीतीनं बी होतं. ही तुझी चाची मला बोटीवर पत्रं लिवायची. नसती लिवली तर कोण विचारणार होतं तिला? पण एका बंदरात पत्र चुकलं तर पुढच्या बंदरात दोन मिळायची."

"दोन नाय, एकच," चाची आतून म्हणाली. "दुसरं शेजारणीनं तिच्या नवऱ्याला लिवलेलं असायचं. तुमच्याच बोटीवर होता ना!"

चाचांनी आतल्या दाराकडे मान वळवली. "इतकी वर्षं झाली, आज सांगतेस?"

रोज आठ वाजता एक जोडी, असं चाललं. पायाला सूज असली की एखादा दिवस खाडा. बरं वाटलं तर एका दिवशी दोन जोड्या. रविवारी मी जाऊन आकडा जुळवायचा. एका रविवारी माझ्या हिशोबानं चाळीस झाल्या होत्या, त्यांच्या हिशोबानं अडतीस. मी तीनदा मोजलं. शेवटी चाचा म्हणाले, "बुधवारच्या दोन मी धरल्याच नाय. चाची बोंबील तळत होती. माझं अर्धं ध्यान तव्यावर."

"मग त्या दोन माझ्या नावावर टाका," चाची म्हणाली. "तळल्या मी."

त्या दोन त्यांनी पुन्हा केल्या. मी अडतीस धरून पुढे निघालो.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ताप आला आणि पाय पुन्हा चिघळला. डॉक्टर म्हणाले, शनिवारी भरती व्हा. भरती झाल्यावर रोजच्या सुन्नती पुन्हा राहणार, हे चाचांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी घाई केली. गुरुवारी सकाळी आकडा अठ्ठ्याहत्तरवर होता. मी कामाला उशीर करून त्यांच्याजवळ थांबलो. चार रकात, फार तर दहा मिनिटं. त्यांनी खुर्चीवर बसून हात उचलले, थोडं म्हटलं, आणि हात खाली आले. धाप लागली होती. चाचीनं पाणी दिलं. मी म्हटलं, "थोडं थांबून करू, चाचा. चारच तर आहेत." माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण ते माझ्याकडे बघून हसले.

"बोटीवर पाळी सोडताना पुढल्याला सांगायचं. दिशा अमुक, उजव्या अंगाला दिवा दिसतोय, तमुक काम ऱ्हायलंय. सगळं संपवून कोण पाळी सोडत नाय रे. सांगून सोडतात." मग दम खाऊन म्हणाले, "चार ऱ्हायल्या. सांगितलं."

शुक्रवारी दुपारी ते गेले.

ते चार माझ्या डोक्यातून जाईनात. दफनानंतरच्या आठवड्यात मी पुन्हा मौलवीसाहेबांकडे गेलो. त्यांच्या चार मी केल्या तर? ते म्हणाले, नमाज ज्याची त्यानंच करायची. तुम्ही त्यांच्यासाठी दुआ मागा. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमच्या स्वतःच्या किती राहतात?"

वीस किलोंसाठी जेवण सोडणारा मी, हे कधी मोजलंच नव्हतं. उठायला उशीर झाला की फर्ज करून बस पकडायची, सुन्नत गेली तर गेली. आठवड्यात दोनदा तरी असं होई, आणि ती नंतर भरावी हे मनातही येत नसे.

गेल्या मंगळवारी असाच उशीर झाला. कळंबोलीला पोचलो तेव्हा आठ वाजत आले होते आणि काट्यापुढे सहा ट्रक उभे होते. मी केबिनचं दार लोटलं, जुनी चादर अंथरली. बाहेरून पहिला ड्रायव्हर ओरडला, "ओ मुन्शीजी, काटा सो गया क्या?"

"दो मिनट, सरदार," मी म्हटलं.

"दो मिनट बोल के मेरी शादी हो गयी थी!" मागचे सगळे हसले. हॉर्न मात्र कुणी वाजवला नाही.

चाचांच्या ब्याऐंशीपैकी चार तशाच आहेत, त्यांना मला हात लावता येत नाही. त्या सकाळी दिल्या त्या दोन रकात, माझ्या स्वतःच्या, त्याच दिवशीच्या, अल्लाहला. मग दार उघडून पहिला ट्रक काट्यावर घेतला.