बाकावर बसून पाहणाऱ्या मेश्राम बाई

मेश्राम बाईंना मोकळा वेळ मिळाला, की त्या कुठल्या तरी दवाखान्यात जाऊन बसत. तब्येत ठणठणीत होती आणि डॉक्टरांनाही भेटायचे नसे. बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसायचे, सगळे पाहायचे आणि परत यायचे. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्या सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेची देखरेख करत. स्पर्धा परीक्षा देणारी आम्ही साठ-सत्तर मुले-मुली तिथे दिवस काढायचो. बाईंच्या या छंदाचे कोडे कुणालाच सुटले नव्हते. कुणी म्हणे, त्यांना डॉक्टर जावई हवाय. मला वाटायचे, कमिशन मिळत असणार. पेठेत राहून संशय घेण्यात आम्ही पटाईत झालो होतो.

बाई मूळच्या नागपूरच्या. तीस वर्षे पुण्यात काढूनही बोलण्यातला ‘जी’ गेला नव्हता, पण पाट्या लिहिण्याची इथली कला त्यांनी चांगलीच उचलली होती. अभ्यासिकेच्या भिंतीवर त्यांच्या अक्षरात लिहिले होते, ‘येथे झोपू नये. कुठेच झोप येत नसल्यास सांगावे.’ पहिल्या वाक्याला आम्ही हसायचो. दुसरे कुणी मनावर घेत नसे.

त्यांचे लक्ष आमच्या पुस्तकांच्या पानांवर असे. तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षा हुकल्यावर मी रोज वेळेवर येऊन खुर्चीत बसायचो, एवढेच. एका दुपारी त्या शेजारी येऊन म्हणाल्या, “पंचायत राजचं हेच पान मी सोमवारपासून पाहून राहिली. झोप लागते का तुला?”

मी डासांवर खापर फोडले. डास सगळ्यांनाच चावतात, असे म्हणून त्या तिथेच बसून राहिल्या.

मोबाइलवर मी मनाचे डॉक्टर शोधले नव्हते असे नाही. नावांची ही भली मोठी यादी आली होती. कुणाकडे जायचे, गेल्यावर काय म्हणायचे, काहीच कळेना, म्हणून फोन खिशात टाकला होता. हे ऐकल्यावर बाईंनी सोपे करून सांगितले. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते तपासून गरज असेल तर गोळ्या देतात. समुपदेशक बोलून मदत करतात, गोळ्या देत नाहीत. खाजगी परवडत नसेल तर मोठ्या सरकारी दवाखान्यातही हा विभाग असतो. आणि मग बाकाचे गुपित फोडले. पहिल्यांदा आलेल्याशी काउंटरवर कसे बोलतात, फी आधी सांगतात का, घाबरलेल्या माणसाला पाणी विचारतात का, हे त्या बघून यायच्या. “माणसाला नावानं हाक मारतात, का आजारानं, ते पाहायचं,” त्या म्हणाल्या. “मी जिथं बसून आली नाही, तिथं कोणाला पाठवत नाही.”

त्यांनी पाहून ठेवलेल्या एका दवाखान्यात त्या माझ्याबरोबर आल्या. मी परीक्षार्थीच्या सवयीने तक्रार लिहूनच नेली होती. प्रस्तावना, कारणे, परिणाम, उपाययोजना आणि समारोप, मोजून अडीचशे शब्द. महत्त्वाच्या ओळी अधोरेखितही केल्या होत्या. बाकावर बसून बाईंनी ते सगळे वाचले.

“दहापैकी आठ देईन,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पण तू काय लपवलं ते यात नाही.”

मग मी म्हणालो, सकाळी जाग येऊच नये असे वाटते.

बाई दचकल्या नाहीत. त्यांनी फक्त कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. “आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगायचं,” त्या म्हणाल्या.

मी तेच सांगितले. डॉक्टर मॅडमनी हातातले पेन खाली ठेवले आणि तासभर माझे ऐकले. लगेच काही बदलले नाही. गोळ्या सुरू झाल्या, आठवड्यातून एकदा समुपदेशनाला जाऊ लागलो, मध्ये एकदा चिडून सगळे सोडलेही. बाईंनी पुन्हा धाडले. काही आठवड्यांनी एका सकाळी मला सडकून भूक लागली आणि मी दोन प्लेट पोहे खाल्ले. त्या दिवशी मला फार बरे वाटले.

पुढे बाई मुलीकडे नागपूरला कायमच्या राहायला निघाल्या. सामान बांधायला मी गेलो होतो. कमिशनचा संशय मी कबूल केला, तेव्हा त्या खळखळून हसल्या. मग मी विचारले, हा खटाटोप सुरू कशाने झाला?

“माझा धाकटा भाऊ असाच गप्प झाला होता,” त्या म्हणाल्या. “त्याला आम्ही पोटाच्या डॉक्टरकडे नेलं, डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. मनाचा डॉक्टर कुठं बसतो, हे विचारायची लाज वाटली. भाऊ गेला. मग कळलं, तो डॉक्टर आमच्या टपाल कचेरीमागच्या गल्लीतच होता. त्याची पत्रं माझ्याच हातून जात होती जी.”

मी सामानाची दोरी आवळत राहिलो.

त्या संध्याकाळी मी गावी आईला फोन लावला आणि वर्षभर दडवलेले सगळे सांगून टाकले. झोप, गोळ्या, डॉक्टर मॅडम. आई रडेल असे वाटले होते. ती रडली नाही. मग तिने दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

“त्या डाक्टर म्याडम माझ्या वयाच्या बायांनाबी तपासतात का रं?” तिने हळूच विचारले.