कोंडाजीरावांची मुलाखत

लासलगावात कांद्याचे लिलाव पुकारता पुकारता कोंडाजीराव पंचाण्णव साली आमदार झाले. पक्षाला त्यांचा आवाज हवा होता. त्या आवाजावर ते दोनदा निवडून आले. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि नुसती कुजबुज उरली. ती फक्त पुतण्या हर्षलला कळायची.

२००४ साली उमेदवारीच्या मुलाखती नाशिकला होत्या. तिकीट गेलं की आपण संपलो, हे कोंडाजीरावांना ठाऊक होतं. त्यांनी हर्षलला सोबत नेलं.

"बोला आमदार, लिलाव सुरू करा," पक्षाचे साहेब म्हणाले. सगळे हसले.

कोंडाजीराव पुतण्याच्या कानाशी वाकले. "अजून एक टर्म द्या म्हणावं. भाषणं तू कर, गावोगाव मी फिरतो."

हर्षल उभा राहिला. "काका म्हणतात, माझं आता झालं. हर्षलला संधी द्या."

कोंडाजीरावांनी जोरजोरात मान हलवली. तोंड उघडलं, पण टाळ्यांत काहीच ऐकू गेलं नाही. हर्षलची कॉलर धरायला त्यांनी हात उचलला. हर्षलने चटकन वाकून त्या हाताखाली डोकं दिलं.

"असा काका मिळायला नशीब लागतं," साहेब म्हणाले.

फोटोग्राफरने कोंडाजीरावांना हात तसाच ठेवायला सांगितला.