साडूंची वजनदार फौज

आमच्या साडूंइतका वजनावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. घाटनांदूरला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. कुलूप असो की कलिंगड, ते आधी तळहातावर झेलतात आणि मगच मत देतात. माझ्या लग्नात आहेरातला तांब्यासुद्धा त्यांनी भर मांडवात असाच झेलला होता. अशा माणसाला छंद कसला लागावा, तर टेबलावरच्या लढाईचा! बुटके, राक्षस, जादूगार यांचे अंगठ्याएवढे पुतळे मागवायचे, रंगवायचे, दोन फौजा समोरासमोर मांडायच्या आणि फासे टाकून एकमेकांचे मुडदे पाडायचे. गावात दुसरं कुणी खेळत नाही, त्यामुळे सुट्टीत तिथंच सासुरवाडीला गेलो की मी तावडीत सापडतो.

त्यांची सगळी फौज धातूची. “शिपाई उचलला की कळलं पाहिजे, कुनीतरी हातात आलंय!” रंगाचा टवका उडतो, शिपायांचे जड हात नुसत्या गोंदानं टिकत नाहीत; मग ते बारीक भोक पाडून आत मोटारीच्या तारेचा तुकडा घालतात आणि हात बसवतात. माझी फौज प्लॅस्टिकची. ब्लेडनं कापता येते, गोंद लावला की जोड एकजीव होतो. पण एकदा मी जिंकत आलो असताना साडूंनी गुपचूप पंखा पाचवर केला आणि माझे शिपाई रांगेनं आडवे झाले. “बघा साडूभाऊ, तुमची फौज वाऱ्यानंच पळाली! आमचं कुनी हाललं का?” रेझिनला, म्हणजे साच्यात ओतलेल्या ठिसूळ कृत्रिम राळेला, तर ते घरात घ्यायला तयार नव्हते. “रेझिन म्हंजे नवा जावाई. दिसायला लई देखना, पन जपता जपता जीव जातो.”

म्हणूनच गेल्या मे महिन्यात अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, साडूंच्या वाढदिवसासाठी नेमका रेझिनचा ड्रॅगन मागवला तेव्हा मला धडकी भरली. नवरा दुकानात गेला की त्या दार लावून रंगवत बसायच्या. हळदी रंगाचं अंग, मोरपंखी पंख, एकेक खवला वेगळा. रंग पूर्ण झाल्यावर त्यांनी तो वाळायला गच्चीवर कुरडयांशेजारी ठेवला. दुपारी बघतात तर उन्हानं पंख लोंबलेले, मान खाली गेलेली. अक्का तिथंच बसल्या आणि रडायला लागल्या. तेवढ्यात साडू जेवायला आले ते आवाज ऐकून थेट वर. मी म्हटलं, आता भाषण होणार.

त्यांनी ड्रॅगन हलकेच उचलला. झेलला मात्र नाही.

“तू रंगवली?”

“व्हय. पन वाटोळं झालं ना.”

“काई वाटोळं न्हाई झालं. रडती कावून? पानी तापव.”

गरम पाण्यात रेझिन मऊ पडतं, गार पाण्यात पुन्हा कडक होतं. साडूंनी पंख एकेक करून सरळ केले आणि लगेच माठातल्या पाण्यात धरले. मान मात्र थोडी कललेलीच राहिली. “ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले, “लाजल्यावानी दिसती.”

पुढच्याच आठवड्यात लातूरला कॉलेजच्या पोरांनी याच खेळाची स्पर्धा ठेवली होती. साडू कैक महिन्यांपासून तिची तयारी करत होते. गाडी माझी होती. पहिल्याच लढाईत त्यांनी ड्रॅगन अगदी मागं ठेवला आणि भोवती धातूचे सगळे बुटके उभे केले. समोरच्या पोराला कळेना. “काका, ड्रॅगन पुढं आणा ना. तुमचा सगळ्यात तगडा तोच आहे.” साडू गंभीरपणे म्हणाले, “आजारातून उठलीय ती.” कडेचे बुटके एकेक करून पडले. अर्ध्या तासात साडू हरले, आणि हरताना असे खूश दिसत होते की पोरं माझ्याकडं बघायला लागली.

परतीच्या वाटेवर सारी धातूची फौज डिकीत खडखडत होती आणि ड्रॅगन त्यांच्या मांडीवर, रुमालात. प्रत्येक गतिरोधकाला ते म्हणायचे, “सावकाश, साडूभाऊ.” घर आलं तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या.

“काय झालं? जिंकले का?”

साडूंनी रुमाल उलगडून पुढं धरला.

“हिला काय झालं न्हाई.”

अक्का दोन्ही हातांनी तो रुमाल घेऊन आत गेल्या. मी उगाचच गाडीची काच पुसत राहिलो.