पुसलेल्या फुल्या

रेडिएशनसाठी आईच्या छातीवर शाईने फुल्या काढल्या होत्या. त्या पुसायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. नरकचतुर्दशीला आईने उटणं लावून अभ्यंगस्नान केलं आणि फुल्या गेल्या.

"वा! नरकासुर राहिला बाजूला, वध आमच्या फुल्यांचा," डॉक्टर म्हणाले. मी माफी मागू लागलो, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी आईला पुन्हा स्कॅनसाठी झोपवलं आणि फुल्या स्वतःच काढायला घेतल्या. प्रत्येक फुलीआधी ते एक डोळा मिटून नेम धरत.

"ही सवय कुठली हो?" आईने विचारलं.

"वडिलांची. कसब्यात तांबट होते. हंड्यावर ठोके घालण्याआधी अशाच खुणा करायचे. बारावीपर्यंत मी त्यांच्या हाताखाली होतो."

"म्हणजे घरचंच काम पुढे चालवताय की!"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"नाही हो आजी. त्यांचा ठोका चुकला, तर हंडा मोडीत काढता यायचा."

पाडव्याला मी पाणी तापवून, फुल्या सोडून लावता येईल म्हणून उटणं कालवलं. आई म्हणाली, "राहू दे. ओलं फडकं आण."